माझे समाधान मी परत घेत आहे

मी, चंपत धोंडबा गजभिये, वय सेहेचाळीस, भिलाई कारखान्यात फिटर, राहणार सेक्टर ६, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही आणि नशापाणी मी दीक्षा घेतली तेव्हाच सोडले. सोमवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. नरहरीही असेच म्हणाला होता, म्हणून आधी लिहिलेले बरे.

नरहरी रामटेके हा माझ्या पत्नीचा, शेवंताचा, सख्खा धाकटा भाऊ. दुर्गच्या बाजारात त्याचे रेडिओ, ग्रामोफोन आणि पुस्तकांचे दुकान आहे. दुकान त्याचे, पण जागा माझी. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, त्यांनी ती घेतलेली. मेहुणा म्हणून मी त्याला ती वापरायला दिली, कागद न करता.

कलम १. राहते क्वार्टर कंपनीचे आहे, ते कोणाला देण्याचा प्रश्न नाही. प्रॉव्हिडंट फंडावर शेवंताचे नाव लागलेले आहे. भांडीकुंडी, कपाट, शिलाई मशीन तिचेच. माझे पाने आणि कानशी दयाराम वासनिक यास द्याव्यात. मागून नेलेली वस्तू पुसून परत आणणारा सेक्टरमध्ये तो एकटाच आहे. सायकल मुलगी कांता हिला. कोणी नाक मुरडले तर तिने घंटी वाजवावी.

कलम २. ग्रामोफोनची एक तबकडी नरहरीला परत. तिच्यावर 'बुद्धवंदना' असे छापले आहे. बुद्धजयंतीला मी ती विहारात लावली. सगळे हात जोडून, डोळे मिटून बसले आणि आतून कव्वाली निघाली, तीही शराबची. म्हाताऱ्या सिंधुताई डोळे न उघडताच म्हणाल्या, "चंपत, हे पाली नाही वाटून राह्यली बाप्पा." वस्तीतली पोरे मला अजून साकी म्हणतात.

घरी रेडिओ दुरुस्त करायचे पुस्तकही त्यालाच परत. त्यात बिघाडांचे वर्णन आहे, उपायाची पाने नाहीत. सांगायला गेलो तर म्हणाला, "भाऊजी, बिघाड तं समजला न!"

कलम ३. आता रेडिओ. भिलाईत आल्यापासून शेवंताच्या कानावर घराबाहेर मराठी पडेना, म्हणून नागपूर केंद्रासाठी मी तो घेतला. दुकानात नागपूर स्वच्छ लागत होते. मी खूश होऊन हसलो आणि नरहरीने माझा फोटो काढला. घरी आणल्यावर त्यातून नुसता भजी तळल्याचा आवाज. मागची फळी काढली तर चकचकीत पेटीत गंजलेले जुने यंत्र! नरहरी म्हणाला, "माल नवा हाय भाऊजी, रुळायले वेळ लागते." शेवंता रोज संध्याकाळी त्याला कान लावून बसायची, चुकून एखादा मराठी शब्द ऐकू येईल म्हणून. ते पाहून माझ्या जिवाची आग होई.

तेही मी गिळले असते. पण गेल्या दिवाळीला दुकानाचे कॅलेंडर निघाले. त्यावर मी, हसरा, रेडिओवर हात ठेवून, आणि खाली छापलेले: 'भिलाईचे चंपतराव गजभिये, पूर्ण समाधानी ग्राहक.' मला विचारलेसुद्धा नाही. वस्तीत माझ्या शब्दाला मान होता. चंपतराव म्हणतात तर माल चोखच असणार, असे म्हणून लोक दुर्गला गेले आणि तसलेच डबे घेऊन आले. आता रेडिओ बंद आहेत आणि घराघरांत भिंतीवर मी हसतो आहे. देवराव मेश्राम तोंडावर म्हणाला, "साळ्याच्या धंद्यासाठी आमाले कावून बुडवलं, चंपतराव?" तेव्हापासून मी पाळी सुटली की मागच्या रस्त्याने घरी येतो.

कलम ४. सबब जाहीर करतो की मी समाधानी नव्हतो, आज नाही आणि मेल्यावरही होणार नाही. माझ्या नावाने छापलेले समाधान मी परत घेत आहे. माझ्या शोकसभेत हे मृत्युपत्र मोठ्याने वाचावे आणि नरहरीला पहिल्या रांगेत बसवावे. तो रडू लागला तर थांबावे. रडणे आटोपले की पुन्हा पहिल्यापासून वाचावे.

कलम ५. दुर्गची जागा कांताची. मात्र नरहरीला सवलत अशी की, त्याने माझा रेडिओ दुकानाच्या दाराशी मांडून दिवसभर चालू ठेवावा, वर माझा तोच फोटो लावावा आणि खाली 'पूर्ण असमाधानी ग्राहक' असे ठळक लिहावे. एवढे केल्यास दुकान तिथेच राहू द्यावे.

हे सर्व शेवंताला वाचून दाखवले. नरहरीला तिनेच कडेवर वाढवले आहे. सवलतही मी तिच्याचसाठी ठेवली होती. मला वाटले, आता भावाची बाजू घेईल, आणि खरे सांगतो, मला भीती वाटली. मग ती म्हणाली, "मी त्याले पुसलं होतं, नागपूर लागंल ना रे? तो म्हणे, बाई, तुही शपथ." आणि पेन माझ्या हाती देत म्हणाली, "ते सवलत खोडा."

कलम ५ मधील सवलत खोडली आहे. दुकान उठवावे.

सही: चंपत धोंडबा गजभिये

साक्षीदार: देवराव मेश्राम, सेक्टर ६ (रेडिओ याच दुकानाचा, बंद)
बळीराम डोंगरे, सेक्टर ६ (रेडिओ याच दुकानाचा, नागपूर लागत नाही)

भिलाई, जिल्हा दुर्ग, १७ ऑगस्ट १९६३

खोडाखोड मान्य: शेवंता चंपत गजभिये, नरहरीची बहीण