शेगडीजवळचा खिळा

टॅमरॅक क्रॉसिंग,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप लॉर्नदादाच्या चरणी ऑर्विलचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या पाचच अंगं जमिनीला टेकतात, बाकीची तीन टेकली असं समज).

तुझी आणि मार्जवहिनींची तब्येत उत्तम असेलच. व्हिक्टोरियात फेब्रुवारीत फुलं येतात म्हणे. वहिनींनी पाठवलेला फोटो आम्ही फ्रीजवर लावला होता, पण बाहेर उणे अडतीस असताना रोज सकाळी तो बघणं ग्लेंडाला सोसेना, म्हणून आता तो कपाटात आहे. माझं म्हणशील तर पोटात दहा दिवसांपासून खड्डा पडलेला आहे. डॉक्टर म्हणतात जठर ठणठणीत आहे, म्हणजे दुखणं हॉकीचंच असणार. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आपण दोघं कधी हवामानाच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही, आणि हा विषय हवामानाच्या बराच पुढचा आहे.

विषय तुझ्या ड्वेनचा आहे. (घाबरू नकोस, पोरगा सुखरूप आहे, जेवतोही चांगला.) येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी केटल लेकशी उपांत्य सामना आहे, आणि पहिल्या फळीत मध्यभागी कोण खेळणार हे मला ठरवायचं आहे. तू गाव सोडताना प्रशिक्षकाची शिट्टी माझ्या गळ्यात अडकवलीस तेव्हा म्हणाला होतास, काही अवघड नसतं रे, नावं फळ्यावर लिहायची आणि ओरडायचं. ओरडणं मला जमलं. नावं लिहिताना मात्र खडू मोडतो. त्याचं असं झालं, की गेल्या शुक्रवारी पंचाने दोन्ही संघांच्या मधल्या गड्यांमध्ये बावीस वेळा चकती बर्फावर टाकली आणि ड्वेनने त्यातल्या एकोणीस घालवल्या. कुणी त्याला बोल लावला नाही. पुढच्या रांगेतले व्हर्नकाका तर म्हणाले, वारा उलटा होता. दादा, रिंकला छप्पर आहे. आपल्या गावात एखाद्याला वाईट वाटू नये म्हणून लोक छपराखाली वारा आणतात, आणि तेव्हाच समजावं की प्रकरण गंभीर आहे.

आता दुसरी बाजू ऐक. शरद ऋतूत आपल्याकडे नवा गुरांचा डॉक्टर आला, रेमी, क्वेबेककडचा. उंचीला माझ्या हनुवटीपर्यंत. चकती पडली की हा खाली वाकतो, फ्रेंचमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटतो आणि चकती मागे आपल्या माणसाकडे गेलेली असते. (गाय अडली तरी असाच पुटपुटतो; माझ्या काळ्या कालवडीचं वासरू असंच पुटपुटून बाहेर काढलं.) पण पहिल्या फळीचा मधला गडी म्हणजे नुसती चकती जिंकणारा का? त्याने धक्के खायचे, मागे धावत येऊन बचाव करायचा, दोन्ही बाजूच्या गड्यांना सांभाळायचं. केटल लेकचा मधला गडी धान्याच्या ट्रकसारखा येतो. त्याच्यापुढे रेमी म्हणजे रस्त्यात आलेला ससा. उलट ड्वेन कसा भिंतीसारखा उभा राहतो. अडचण एवढीच, की हल्ली भिंतीसारखा उभाच राहतो.

यावर रोज दहा वाजता दुकानाच्या मागच्या कॉफीच्या बैठकीत खल चालतो, पण नाव न घेता. सोमवारी व्हर्नकाकांनी टेबलावर सामना मांडला. मिठाची आणि मिऱ्याची डबी बाजूला, टोमॅटो सॉसची बाटली म्हणजे ‘समजा कुणी एक उंच गडी’, साखरेची पुडी म्हणजे ‘समजा कुणी एक बुटका गडी’. काकांनी पुडी मध्यभागी सरकवली. मी ती बाजूला करून बाटली मध्यभागी आणली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी दार उघडलं आणि ड्वेन आत आला, अंडी मागवून आमच्याच टेबलाला बसला आणि म्हणाला, ‘‘काका, सॉस घेऊ का?’’ दादा, तिथे बसलेल्या सातही जणांनी आपापल्या कपात बघितलं. त्याने स्वतःलाच उचललं, अंड्यांवर उलटं धरून थोपटलं, आणि परत ठेवताना पार कडेला, कागदी रुमालांपाशी, म्हणजे तिसऱ्या फळीत ठेवलं. मी घाईघाईने बाटली पुन्हा मध्यभागी आणली. ड्वेनने एकदा माझ्याकडे बघितलं आणि जेवायला लागला. व्हर्नकाका म्हणाले, ‘‘आज वारा आहे नाही?’’

पण खरा घोळ खिळ्याचा आहे. रिंकवरच्या कपडे बदलायच्या खोलीतला शेगडीजवळचा खिळा तुला मी काय सांगणार? पहिल्या फळीच्या मधल्या गड्याचे हातमोजे तिथे वाळायचे, बाकीच्यांचे जागा मिळेल तिथे. आधी बाबांचे, मग तुझे, आणि गेली नऊ वर्षं ड्वेनचे. (मी जन्मभर दाराजवळच्या खिळ्यावर होतो. मध्यंतर संपेपर्यंत माझे मोजे गोठून लाकूड व्हायचे. तक्रार नाही, माहिती देतोय.) तर पंधरा दिवसांपूर्वी रेमीने न कळून आपले मोजे त्या खिळ्यावर लटकवले. त्याला सांगावं तर बिचारा ओशाळेल, म्हणून कुणी सांगितलं नाही. ड्वेन म्हणाला, ‘‘असू दे, असू दे,’’ आणि दाराजवळ गेला. रेमीला वाटलं, काय हा मनाचा मोठेपणा! दुसऱ्या दिवशी तो ड्वेनकडे मेपलच्या साखरेची टार्ट भाजून थाळीत घेऊन गेला. आता रिकामी थाळी परत कशी करायची, म्हणून ड्वेनने त्यात बीटचं लोणचं पाठवलं. थाळी तेव्हापासून चारदा इकडून तिकडे गेली आहे, आणि मोजे आहेत तिथेच आहेत.

तर असा मी कात्रीत सापडलो आहे. ड्वेनला ठेवावं तर आपण हरणार, आणि अकरा वर्षांनी इथवर आलो आहोत. त्याला काढावं तर गाव म्हणेल, ऑर्विलने दाराजवळच्या खिळ्याचा सूड पुतण्यावर उगवला. आणि खरं सांगू? मलाही रोज सकाळी दाढी करताना शंका येते, की तसंच तर नसेल ना. तुझा मोठेपणा मला कधी खुपला नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. थोडा खुपायचा. लिहिलं एकदाचं.

मार्जवहिनींना नमस्कार. ग्लेंडा लोणच्याची कृती वेगळी पाठवते आहे.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विल

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. मध्यभागी आता रेमी, हे ड्वेनला तू सांग. तू बाप आहेस, शिवाय दोन हजार किलोमीटर लांब आहेस. तुला त्याचा चेहरा बघावा लागणार नाही.

पुन्हा ता. क. (गुरुवार) वरचा ता. क. रद्द. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ड्वेन थाळी घेऊन आला, आणि टेबलावरच्या पाकिटावर तुझं नाव बघून खुर्चीतच बसला. त्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून वळताना धरतो. त्याला मध्यभागी खेळायचंच नाही. सोमवारी बाटली कडेला त्याने जाणूनबुजून ठेवली होती. म्हणाला, ‘‘काका, यापेक्षा स्पष्ट मी कसं सांगणार होतो? तुम्ही मला परत मध्यभागी सरकवलंत.’’ मी विचारलं, मग तोंडाने का नाही बोललास? तर म्हणे, तो बाबांचा खिळा आहे, बाबांना काय वाटेल. म्हणजे दादा, पंधरा दिवस अख्खं गाव ज्याला जपत होतं तो ड्वेन नव्हताच. तो तू होतास. तेव्हा त्याला लवकर फोन कर, आणि कृपा करून हवामानावर थांबू नकोस.

शेवटचा ता. क. (शुक्रवार) आज रेमीला सांगितलं, मध्यभागी तू. खिळ्याची हकिगत ऐकताच त्याने खिळ्यावरचे आपले मोजे काढून छातीशी धरले. ड्वेनचे मोजे दाराजवळ गोठणार असतील तर खेळणारच नाही म्हणाला. मग शेगडीकडे बघून विचारलं, ‘‘शेजारी दुसरा खिळा का नाही मारत?’’ आम्ही सगळे भिंतीकडे बघत राहिलो. जागा भरपूर आहे. तीन खिळे मावतील. मी तेवीस वर्षं या संघात खेळलो, दादा, आणि माझे मोजे दर शनिवारी गोठायचे. ड्वेनचं म्हणणं आहे की ते खिळे तूच ठोकावेत. माझा हातोडा घर हलवताना तू नेलास तो अजून तुझ्याकडेच आहे. टपालाने पाठवू नकोस. घेऊन ये.