मंगळाला निघालेलं इंजिन आणि तिसरा प्याला

तीर्थरूप तैसिया मावशीस,

रोदिओनचा दोन्ही गालांना गाल लावून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? यंदाच्या काकड्या खारवून झाल्या का? काकांची कंबर कशी आहे? (हे शेवटचं खास विचारतो आहे, उत्तर सविस्तर दे.) पत्र सफरचंदांच्या पेटीतून पाठवतो आहे, कारण इथे टपालाची पाकिटं फोडणारा गृहस्थ फार मन लावून वाचतो.

तू नेहमी विचारतेस, या कझाक माळरानावर मी करतो तरी काय. तुझा चहाच्या पाण्याचा समोवार बघ. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. आम्ही निखाऱ्यांच्या जागी युरेनियम घालतो आणि पाण्याच्या जागी हायड्रोजन. तो तापून मागून सुसाट सुटतो आणि यान पुढे जातं. साध्या इंधनावर माणसं मंगळाला न्यायची तर नुसत्या टाक्याच ओढत बसावं लागेल, म्हणून हा खटाटोप. हे जमण्यासारखं आहे की नाही, एवढंच ठरवायला मॉस्कोहून समिती आली होती. ती 'नाही' म्हणाली की आम्हाला कुलूप. आमचे मुख्य अभियंते वेनियामिन ल्वोविच सत्तरीला आले. दुसरं इंजिन करण्याएवढं आयुष्य त्यांच्याकडे नाही. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पाहुणे येणार म्हणून इंजिनाचा खटका सांभाळणाऱ्या आमच्या रिम्माने तळघरातल्या नियंत्रण-खोलीत दिसेल त्या वस्तूवर इस्त्री केलेलं कापड अंथरलं. इंजिन तातडीने बंद करायचं लाल बटण ज्या खोक्यावर आहे, त्यावरसुद्धा. (ते बटण दाबलेलं असेपर्यंत इंजिन पेटत नाही.) चाचणीआधी वेनियामिन ल्वोविच म्हणाले, "चला, घडीभर टेका सगळे. पोराला लांबच्या प्रवासाला जायचंय." पोर म्हणजे इंजिन, आणि निघण्याआधी घडीभर बसायची आपली रीतच ती. सगळे गुपचूप बसलो. समितीचे जनरल (नाव लिहायला बंदी आहे) नेमके त्या कापडावर बसले. मग सगळे उठले, ते उठले नाहीत. इंजिन अडल्याचा लाल दिवा लागला तो लागलाच. रिम्माने माझ्याकडे पाहिलं, मी खोक्याकडे.

"काय झालं?" जनरलनी विचारलं.

"बघतोय, साहेब." वेनियामिन ल्वोविच एकेक तार तपासत म्हणाले.

"आयुष्यभर बघतच आलात. म्हणे मंगळावर जाणार. अहो, हे जागचं हलेना."

आता समितीदेखत जनरलला 'साहेब, हलत नाही ते तुम्ही' असं कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे येईना. तिकडे टाकीतला दाब उतरत चालला होता.

शेवटी मी काचा पुसायच्या स्पिरिटची बाटली काढली. (दारूवर सध्या किती करडी नजर आहे ते तू जाणतेस, नोकरीवर पाणीच सोडलं होतं.) पहिला प्याला पाहुण्यांच्या नावाने, दुसरा घरच्यांच्या. दोन्ही जनरलनी बसूनच रिचवले. मग मी म्हणालो, "तिसरा, जे परत आले नाहीत त्यांचा." गेलेल्यांचा प्याला उभं राहूनच घ्यायचा, तो बसून कोण घेईल? जनरल कंबर धरून सावकाश उठले. त्यांचे डोळे भरले होते. दिवा विझला. रिम्माने खटका ओढला आणि जमीन हादरायला लागली. वेनियामिन ल्वोविच भिंतीला टेकून रडले, मीही रडलो. जनरल पुन्हा टेकायला वळले, तेव्हा खोक्यापुढे मी आडवा उभा होतो.

तुझा भाचा,
रोदिओन

ता. क. पत्र वाचून जाळून टाक. सफरचंदं मात्र खा.

दुसरा ता. क. समितीच्या अहवालात लिहिलंय: 'इंजिन बराच वेळ पेटले नाही. कारण अज्ञात. यान व्यवहार्य नाही.' शुक्रवारी काका त्यावर सही करतील. चाचणीच्या वेळी त्यांनी मला ओळख दाखवली नाही, मीही नाही. नातं कळलं असतं तर दोघांचीही पंचाईत होती. तर मावशी, त्यांच्या बसायच्या जागी बशीएवढा गोल वळ उठला असेल. मलम लावताना तो कशाचा, एवढंच विचार. अज्ञात कारण तुझ्याच घरात पालथं पडलेलं आहे.