‘पागा’ कोणी चालवायचे आणि हे कोणी वाचायचे

श्री चामुंडेश्वरीला स्मरून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय, मी मानाजीराव खंडोजीराव लाड, वय एकोणपन्नास, राहणार येलवाल, जिल्हा म्हैसूर, हे मृत्युपत्र लिहीत आहे. सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात, पण जपाला बसलो तरी मन स्थिरावत नाही. पत्नी वनजा म्हणते, "अय्यो, सुम्ने, गप राहा की हो, आत्ताच कशाला लिहिता?"

१. येलवालचे घर, बँकेतील ठेव आणि देवघरातले टाक वनजाला.

२. म्हैसूरकर मराठी घरांसाठी मी चालवत असलेले ‘पागा’ मासिक मुलगी चि. यशस्विनी हिला. ती मराठी बोलत असे, पण शिकली कन्नड शाळेत. देवनागरी तिला वाचता येत नाही. तिच्यासारखी मुले घरोघर आहेत. म्हणून अंक मराठीतच, पण कन्नड लिपीत छापावा, असे मी इथल्या मराठी मंडळाच्या सभेत सुचवले. अध्यक्ष गंगाधरराव म्हणाले, "जिला वाचता येत नाही, तिची कसली मातृभाषा?" यशस्विनी समोरच बसली होती. तेव्हापासून ती माझ्याशीही कन्नडच बोलते. तरी अंक वरीलप्रमाणेच काढावा.

३. ‘पागा’त मी डेनिस केहो या आयरिश संपादकाचे चरित्र क्रमशः लिहीत होतो. गंगाधरराव विचारत, "आपले सरदार संपले काय हो, की हा गोरा आणलात?" केहोने राणीच्या काळात लंडनला इंग्रजी मासिक काढून नाव कमावले. त्यात तो आईची आयरिश भाषा विसरला. मरताना आई त्याच्याकडे पाहून काही बोलली. खोलीतल्या शेजाऱ्यांना ते कळले, त्याला नाही. आणि लाजेने त्याने कोणाला विचारलेही नाही. तिथे माझे लिखाण अडले आहे. पुढचे यशस्विनीने लिहावे, किंवा तिथेच सोडावे.

४. पणजोबांची तलवार आणि माझा लॅपटॉप यशस्विनीला. आयुधपूजेला दोन्ही एकाच पाटावर मांडावीत. गंगाधरराव हसतील, हसू द्यावे.

५. हे मृत्युपत्र यशस्विनीला वाचता येणार नाही. ते गंगाधररावांनी तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचावे, ही माझी त्यांना हात जोडून विनंती. कलम दोनमधले स्वतःचे वाक्य गाळू नये. ते वाचून झाल्यावर थांबावे. ती ज्या भाषेत बोलेल, ते सगळे ऐकून घ्यावे. मी तिथे नसेन.

सही: मानाजीराव खंडोजीराव लाड (देवनागरी व कन्नड, दोन्ही लिप्यांत)

आमच्यासमक्ष सही केली:
कृष्णमूर्ती, ‘पागा’चे मुद्रक (सही कन्नडमध्ये)
सुधींद्र, शेजारी

म्हैसूर, ७ नोव्हेंबर २०२४