सात नंबरसाठी ठेवलेला रंधा

मी, खाली सही करणार, वय चौसष्ट, तुरुंगाच्या कार्यशाळेतला निवृत्त सुतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे. पण रागावलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नाही, असे वकिलांनी तरी सांगितलेले नाही.

१. राहत्या दोन खोल्या माझ्यामागे पत्नीच्या, तिच्यामागे मुलीच्या. मुलाला दुकान घालून दिले आहे. त्याने इथे वाटा मागू नये. बँकेत जे असेल ते पत्नीचे. तिने ते खर्च करावे, जपत बसू नये.

२. पत्नीच्या धाकट्या भावाला डुगडुगणारे स्टूल. चार पाहुणे जमले की, "आमचे भावजी फाशीचं दार सांभाळतात बरं का!" असे म्हणून त्याने मला बावीस वर्षे प्रदर्शनात मांडले. ते स्टूल मी मुद्दाम नीट केले नाही. त्याने त्यावरच बसावे.

३. माझी सर्व हत्यारे, म्हणजे करवती, पटाश्या, गुण्या आणि मोठा रंधा, सात नंबरच्या कोठडीतल्या कैद्याला द्यावीत. घरचे विचारतील, त्यालाच का? म्हणून सविस्तर लिहितो.

त्याला फाशीची शिक्षा होऊन बारा वर्षे झाली. दयेचा अर्ज जाऊन नऊ. "विचाराधीन आहे" याखेरीज एक अक्षर आलेले नाही. मी स्वतः चार वेळा कचेरीत खेटे घातले. तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, "तुम्हाला कसली घाई?" सात नंबरने माणूस मारला आहे, हे मी विसरलेलो नाही. मेलेल्याची म्हातारी आई कचेरीतल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. तिलाही उत्तर नाही. फाशी द्यायची तर द्या, सोडायचे तर सोडा, पण दोन घरांना असे टांगून ठेवण्याला शिक्षा म्हणतात हे मला पटलेले नाही आणि मरेपर्यंत पटणार नाही.

अर्ज रेंगाळला म्हणून त्याला कार्यशाळेत कामाची परवानगी मिळाली. तीन वर्षांत तो माझ्याहून सफाईदार काम करू लागला. नंतर वरून हुकूम आला, फाशीच्या चौथऱ्याचे पायाखालचे दार कुजले आहे, नवीन करा. माझा हात तेव्हा कापू लागला होता. मी विचार केला, फळ्याच तर आहेत, त्याला काय कळणार? आणि शेवटचा रंधा मारायला त्याच्यापुढे ठेवल्या. आयुष्यातली माझी सर्वांत मोठी चूक ती.

त्याने बिजागऱ्यांच्या खुणा पाहिल्या, कडीची जागा पाहिली.

"काका, हे दार उभं नाही ना बसणार?"

मी फळ्या ओढून घेऊ लागलो, तर त्याने हात ठेवला.

"राहू द्या. कड जरा घट्ट आहे. अडकलं तर माझेच हाल."

अर्धा तास तो कड घासत होता. मी समोर उभा होतो आणि त्याला थांबवले नाही, याची मला लाज वाटते. पुढे वाळूचे पोते टांगून चाचणी झाली. दार एका झटक्यात उघडले. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

४. त्या कामाचे प्रशस्तिपत्र काचेच्या चौकटीत आहे. मुलीने ते साहेबांना परत करावे आणि काम कोणाचे होते ते तोंडावर सांगावे. चौकट घरात ठेवावी, ती मी केलेली आहे.

५. फाशीच्या कैद्याला धारेची वस्तू देता येत नाही, असे मला लेखी कळवले आहे. म्हणजे या एका अर्जाला मात्र आठ दिवसांत उत्तर आले! म्हणून त्याच्या दयेच्या अर्जाचे उत्तर येईपर्यंत हत्यारे मुलीकडे राहतील. तिने दर महिन्याला त्यांना तेल लावावे. तो सुटला तर त्याच्या हातात द्यावीत. उत्तर दुसरे आले तर हत्यारे तिने ठेवावीत. पण मोठा रंधा तुरुंगाच्या नव्या सुताराने मागितला तरी देऊ नये. त्या दाराला आता रंधा लागणार नाही. ते कुठेच अडकत नाही.

सही (हात कापतो म्हणून वाकडी आहे, पण माझीच)

साक्षीदार पहिला: तुरुंगाचे निवृत्त डॉक्टर. मृत्युपत्र करणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. चिडलेले आहेत, ते नेहमीचेच.

साक्षीदार दुसरी: शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई. माझ्यासमोर सही केली.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: १४ सप्टेंबर, अर्जाचे दहावे वर्ष