बाराशे डिस्क आणि एक आगगाडी

चि. मेहुण्यास, भावोजींचे आशीर्वाद (संतापलो असलो तरी द्यावे लागतात, नाते आडवे येते). तुझी तब्येत ठणठणीत असेलच. माझी बिघडली आहे, आणि ती तू बिघडवली आहेस. फोनवर तोंडाचा पट्टा सुटेल म्हणून लिहितो आहे.

तू ग्रंथपाल आहेस, पण पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे. मी आठ दिवस कामासाठी बाहेरगावी काय गेलो, तू माझ्या बाराशे सिनेमांच्या डिस्क कपाटातून उतरवल्यास, डबे भंगारात घातलेस, आणि प्रत्येक डिस्क पांढऱ्या पाकिटात कोंबून वर आकडा टाकलास. आता सिनेमा बघायचा तर दिग्दर्शकाच्या आडनावाचे कार्ड शोधा, कार्डावरून आकडा, आकड्यावरून खण. परवा मला मारामारीचा सिनेमा हवा होता. पाऊण तासाने हाती आला मधमाश्यांवरचा माहितीपट. तो मी पूर्ण पाहिला, कारण परत कुठे ठेवायचा ते कळेना. शिवाय तळाच्या खणावर तू 'भावोजींसाठी' अशी चिठ्ठी डकवली आहेस. तुझी ताई रोज म्हणते, उघडून तरी बघा. मी तिला हात लावू देत नाही. त्यात सूचना असणार, आणि माझ्याच घरात मला सूचना नकोत.

माझी पद्धत अडाणी, असे तू म्हणालास म्हणे. अरे, जो सिनेमा ज्याच्याबरोबर पहिल्यांदा पाहिला, तो त्याच्या कप्प्यात. वरचा मित्रांचा, मधला तुझ्या ताईचा (त्यात भांडण मिटवायला पाहिलेल्यांची फळी वेगळी; ती वाकली आहे), खालचा आईचा. डोळे मिटून हात घातला तरी हवे ते मिळायचे. तुझे शास्त्र घाल चुलीत.

हे सगळे मी गिळले असते. पण आईला आताशा माझे नावही कधीकधी आठवत नाही, तरी संध्याकाळी पाचला तिला तो आगगाडीचा सिनेमा लागतो. तो बघत ती शांतपणे जेवते. खालचा कप्पा, डावीकडून सातवा. नाव मला ठाऊक नाही. डब्यावरचे केव्हाच पुसले गेले होते आणि नावाची गरज कधी पडली नव्हती. मग दिग्दर्शकाचे आडनाव काय कपाळ शोधू? चार दिवस मी एकेक डिस्क लावून बघतो आहे. तीनशे बारापर्यंत आलो. आगगाड्या नऊ निघाल्या, तिची एकही नाही. आणि चार दिवस ती ताट सारून दाराशी जाऊन बसते. काल तिथे रडली. मी तुझ्यावर इतका कधीच चिडलो नव्हतो.

तुझा (अजून तरी),
भावोजी

ता. क. रविवारी ये आणि सगळे होते तसे लाव. डबे कुठून आणायचे ते तुझे तू बघ.

ता. क. दुसरा. या पत्राच्या पाकिटाला डिंक सापडेना, म्हणून तो तळाचा खण उघडला. सूचना नव्हत्या. तुझ्या अक्षरात तीन कार्डे होती: मित्र, ताई, आई. आईच्या कार्डावर अकरा आकडे, कप्प्यातल्याच क्रमाने. सातवा नऊशे चार.

पाचला आगगाडी सुटली. आईने चार घास खाल्ले, मग दाराकडे बघून म्हणाली, "तो कुठे गेला? त्याला शेवट सांगायचा राहिलाय." तुझ्या ताईला विचारले तेव्हा कळले की आठही दिवस तू आईशेजारी बसूनच कार्डे लिहिलीस, आणि ती तुला गोष्टी सांगत होती. म्हणजे दाराशी ती सिनेमासाठी बसत नव्हती.

रविवारपर्यंत थांबू नकोस. डिस्कना हात लावलास तर याद राख, पण पाचच्या आत ये.