लागोसचं लुगडं

आई, लढाईच्या आधी मी आफ्रिकेतून पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा भाटघरच्या आपल्या दारात भाकरतुकडा हातात घेऊन तू नुसती बघतच राहिलीस. मी लुगडं नेसले नव्हते. कमरेला पिवळंजर्द कापड गुंडाळलेलं, त्यावर कोंबड्यांएवढे निळे पक्षी, डोक्यालाही तेच बांधलेलं. "ह्ये काय गं बया? न्हानीतनं तशीच उठून आलीस व्हय?" मला हसू आलं आणि रागही आला.

ह्यांची लागोसला एका शेटच्या दुकानात नोकरी. तिथल्या उकाड्यात नऊवारीत माझा जीव घुसमटायचा. शेजारीण बाजारात कापड विकायची. तिनंच एके दिवशी मला समोर उभं करून ते कसं गुंडाळायचं, कसं खोचायचं ते शिकवलं. एकमेकींची भाषा आम्हाला येत नव्हती. नेसून झाल्यावर तिनं माझी हनुवटी धरून मला न्याहाळलं, अगदी तुझ्यासारखं, आणि त्या मुलखात मला पहिल्यांदा बरं वाटलं. तेव्हापासून मी तेच नेसते. मला ते शोभतंच मुळी.

तुझ्यासाठीही एक तागा आणला होता. तू हात मागे घेतलास. दिल्या लेकीचं काही घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माझ्या घरचं पाणीसुद्धा तुला चालायचं नाही. माझं तिकडचं सगळं जगणंच तू दारातून परत पाठवलंस असं वाटलं. मी रुसले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तू विचारलंस, "ती शेजारीन तुला लेक मानती न्हवं?"

"व्हय."

"मंग ती माजी भन झाली. तागा तिनंच निवडला आसंल?"

"तिनंच."

"आण हिकडं. भनीचं घ्याया कुनाची चोरी हाय?"

त्यातले नऊ वार फाडून, काष्टा घालून तू भोरच्या बाजाराला निघालीस. कुणी विचारलं की ठसक्यात सांगायचीस, "भनीनं धाडलंय." किती गोड दिसत होतीस गं!

तू गेल्याचं पत्र लढाईमुळे मला फार उशिरा मिळालं. मी ते वाचलं, घडी घातली आणि चूल पेटवली. शेजारणीला कळलं तशी ती आली. तिकडे माणूस गेलं की त्याच्या नात्यातल्या बायका एकाच ताग्यातलं कापड नेसतात. तिनं गडद निळ्या ताग्याचे दोन तुकडे केले, एक स्वतः गुंडाळला, दुसरा मला दिला. लागोसात तुझ्या नात्यातल्या आम्ही दोघीच होतो.

हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून उशाशीच ठेवते. एवढंच सांगते, आई, तो तुकडा हातात येईपर्यंत मी तुझ्यासाठी रडले नव्हते.