वाणातलं पाकीट

आई, बारामतीच्या सरकारी दवाखान्यात बाकावर बसून तुला लिहितेय. एचआयव्हीच्या तपासणीला रक्त दिलंय, मी आणि त्यानंही. ज्याच्याशी लग्न करणार आहे, तो. आता तो आत समुपदेशक मॅडमकडं रिपोर्ट ऐकायला गेलाय, दार बंद आहे.

तू नर्स होतीस तेव्हाचं भवानीनगरचं हळदीकुंकू सारखं आठवतंय. संक्रांत होती. ऊसतोडीच्या बायका कोयते बाजूला ठेवून पाचटाच्या कोप्यांपुढं बसलेल्या, मी तिळगुळाचा डबा धरून तुझ्यामागं. तू कुंकू लावतेस आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या पदरात कंडोमची पाकिटं टाकतेस. काकू तिथंच कडाडली, "अगं, सवाष्णींना असलं वाण देत्यात व्हय?" तू मान वर न करता म्हणालीस, "त्यांनी सवाष्ण ऱ्हावं म्हणूनच देतीया, जाऊबाई." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "पर आमच्या धन्याला कोण सांगायचं, बाई?" "धाडा माझ्याकडं. त्याला बी कुंकू लावते." मग आवाज खाली आणून तू सगळं सांगितलंस. एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही हे सांगताना, नवरा त्यात गेला म्हणून कडेला एकटी बसवलेल्या बाईच्या ताटातली भाकरी मोडून खाल्लीस. तिला म्हणालीस, "गोळ्या चुकवू नको, म्हातारी होशील." घरी येताना मला बजावलंस, "कुणावर जीव जडला तर जडू दे. पण लग्नाआधी दोघांनी रक्त तपासा. रागावला तर रागावू दे."

जडला, आई. त्याच्यापायी बापाशी भांडून कॉलेज अर्ध्यात सोडलं. तो उसाचा ट्रक चालवतो. गेल्या आठवड्यात लग्नाचं बोलताना तोच म्हणाला, "तुझ्याआधी मित्रांच्या नादानं कुठंकुठं जाऊन आलोय." मी भडकले. चल तपासायला म्हटलं, तर म्हणतो, "माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?" "तुझ्यावर हाय. रक्तावर न्हाय." मग फोनच उचलेना. आज सकाळी मात्र एसटी स्टँडवर उभा. माझ्याकडं न बघता म्हणाला, "चल. पण सुईला भितो मी, सांगून ठेवतो."

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. पण आम्ही जवळ आलोय, आई. मॅडमना तेही सांगितलं. म्हणाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, तोवर कंडोमशिवाय नको.

तू आता नाहीस, हा कागद तुला पोचायचा नाही, म्हणून लिहून टाकते. आत जाताना त्यानं विचारलं, "वाईट निघालं तर?" मी म्हटलं, "मी हितंच बसलीय." फार ठसक्यात म्हटलं. गोळ्यांनी माणूस जगतं, संसार करतं, मला सगळं पाठ आहे. तरी आपण खरंच बसून राहू का, हे मला माहीत नाही.

कडी वाजली. मान वर होत नाहीये. त्याच्या चपला तेवढ्या दिसतायत, दारातच थांबलेल्या.